डांबराचे वैरी

आमच्या घरमालकांना, नानांना, डांबराचा राग होता. साध्या माणसाला डासांचा राग असतो, शेजाऱ्यांचा असतो, फार तर व्याह्यांचा असतो. नानांचा सगळा राग डांबराने खाल्ला होता. आमच्या गल्लीत नवं डांबर पडलं त्या दिवशी ते खिडक्या लावून घरात बसले आणि काकूंना म्हणाले, "गल्ली मेली."

काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता धूळ येणार नाही."

हा माणूस सरकारी इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला होता आणि नोकरीभर त्याने रस्तेच केले होते. जळगाव-धुळे पट्ट्यातली कित्येक गावं नानांच्या हाताने डांबरावर आली. मी स्कूटरने कामाला जायची तो रस्ताही त्यांचाच. पण सेवानिवृत्तीच्या सत्काराचे हार वाळायच्या आत मुलाने पुण्याहून त्यांना एक जाड टायरची, वळलेल्या हँडलची सायकल पाठवली, आणि नानांना साक्षात्कार झाला की आपण आयुष्यभर पाप केलं. पाप फेडायचं सोडून ते इतरांना शहाणं करत सुटले.

मी धुळ्याची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपलं आणि चोपड्यात एका खासगी हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून नानांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. एकट्या मुलीला खोली द्यायची तर लोक जात विचारतात, पाहुणे कोण येणार ते विचारतात. नानांनी विचारलं, "सायकल येते?"

"येते."

"कशावर चालवतेस?"

"रस्त्यावर."

"कसल्या रस्त्यावर?"

मी गोंधळून म्हणाले, "चांगल्या."

नानांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे मटण शिजवायची परवानगी मागितली होती. खोली मिळाली ती काकूंमुळे. मात्र त्या दिवसापासून जिन्यात भेटलो की त्यांचा एकच प्रश्न असे, "आज पायांनी काय केलंस?" दिवसभर मी लोकांचे गुडघे आणि खांदे हलवून यायची. पायांनी काय केलं याचा हिशोब द्यायला माझ्यात त्राण नसायचं.

त्यांच्या सायकलीला सायकल म्हटलेलं चालत नसे. ती ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खास खडी-मातीच्या कच्च्या वाटांसाठी केलेली. बैठकीच्या खोलीत, जिथे एरवी माणसं बसतात, तिथे ती स्टँडवर उभी असे आणि आलेली माणसं ओट्यावर बसत. तिच्यासाठी काकूंचं शिवणाचं मशीन मागच्या पडवीत गेलं. चेन पुसायला त्यांना काकूंच्या मऊ झालेल्या सुती साड्याच लागत. दुसऱ्या फडक्याने म्हणे चेनला ओरखडे पडतात. बाहेर निघताना ते गादी शिवलेली घट्ट काळी चड्डी घालत. ती पाहिल्यावर काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा अट घातली होती, की गल्लीच्या टोकापर्यंत वरून लुंगी गुंडाळायची. नाना टोकापर्यंत लुंगीत जात, तिथल्या पानटपरीवर लुंगी ठेवत आणि पुढे ग्रॅव्हलवर निघत. सगळ्या चोपड्याला हे माहीत होतं. नानांना मात्र वाटे की लोक त्यांच्या सायकलीकडे बघतात.

रविवारी त्यांचा जथा निघे. नाशिकचे, पुण्याचे, कधी इंदूरचेही सायकलवाले गाड्यांवर सायकली बांधून येत, कारण नाना फोनवरच्या नकाशात रस्ते आखून जगभर पाठवत असत. दोन रस्ते त्यांचे लाडके. एक उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या अंजन-सालईच्या जंगलात जाणारा. दुसरा अनेर नदी जिथे तापीला मिळते त्या संगमावरच्या गावाला जाणारा. तिथे खालच्या बंधाऱ्यामुळे पाणी अडून पार पसरलंय, पलीकडचा काठ सकाळी धुरकट दिसतो, बगळे असतात. नाना त्याला 'खाडी' म्हणत. खानदेशात खाडी! समुद्र कुठे, आम्ही कुठे. पण नाशिक-पुण्याची माणसं 'खाडीकाठ' बघायला खरंच यायची आणि चिखलाचे फोटो काढून घेऊन जायची.

गावातल्या प्रत्येक वाटेला पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव होतं. नानांनी ती सगळी बदलली. गावाच्या पूर्वेला नदीकडे उतरणाऱ्या वाटेला त्यांनी 'सनराइज ट्रेल' असं नाव दिलं. ती मसणवाट होती.

एका रविवारी हे सगळे रंगीत हेल्मेटं घालून तिथून खाली उतरत होते आणि समोर अंत्ययात्रा चालली होती. हा प्रसंग मला नानांनीच हौसेने सांगितला, म्हणून खोटा म्हणता येत नाही. त्यांनी हात वर करून जथा थांबवला, सगळ्यांना हेल्मेटं काढायला लावली, मान खाली घातली. इथपर्यंत ठीक. मग मडकं धरून पुढे चालणाऱ्या माणसाला त्यांनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, पुढे रेती शे का?"

त्या माणसाचा बाप तिरडीवर होता. तो म्हणाला, "शे ना. आम्ही तठेच जाई ऱ्हायनूत."

"खानदेशी माणूस किती समजूतदार असतो बघ," नाना मला म्हणाले.

जंगलातल्या रस्त्यावर एकदा मीही गेले होते, काकूंच्या भिडेखातर. "एकदा जाऊन ये, म्हणजे महिनाभर माझ्यामागे लागणार नाहीत," असं त्या म्हणाल्या. वाट सुंदर होती, हे मी नाकबूल करत नाही. पण दर उताराला नाना थांबत आणि ही खडी कुठल्या दगडाची, हा मुरूम किती जुना, यावर बोलत. एका पाड्याजवळ पावरा समाजाची एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढ चढत होती. नाना जथ्याला म्हणाले, "बघा. ना हॉर्न, ना धूर. या लोकांकडून शिकण्यासारखं आहे."

बाईने मोळी उतरवली, घाम पुसला, आणि यांचा रुबाब पाहून हे कोणी अधिकारी असावेत असं समजून विचारलं, "साहेब, एसटी कधी चालू होणार?"

नाना हसून म्हणाले, "बाई, तुम्ही नशीबवान आहात."

तिने मोळी परत डोक्यावर घेतली. उत्तर तिला कळलं नाही. मला कळलं, आणि त्यानंतर मी त्यांच्याबरोबर कधी गेले नाही.

एवढ्यावरच थांबलं असतं तर नाना मला निव्वळ हसण्याचा विषय म्हणून आठवले असते. पण संगमावरच्या गावातले एक आबा माझ्याकडे उपचाराला येऊ लागले, आणि हसणं तिथे संपलं.

आबा भोई होते. पूर्वी तापीतून नाव चालवून लोकांना पैलतीरी सोडत, पुढे पूल झाला तेव्हा मासेमारीवर आले. होळीच्या सुमाराला त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांची सून गावातली आशा सेविका. गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले, तरी वयाने ती माझ्याहून फार मोठी नव्हती. ती सासऱ्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून, आपण मागे बसून, ओढणीने त्यांना नवऱ्याच्या पाठीशी बांधून आणत असे. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा पट्टा कच्चा, खडीचा. आबा पोचत तेव्हा त्यांचा निकामी खांदा दगडांवरच्या हादऱ्यांनी सुजलेला असे. पहिला अर्धा वेळ मी शेकण्यातच घालवायची.

तरी हात परत येत होता. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सोन्यासारखे असतात. जे यायचं ते तेव्हाच येतं. आबांची बोटं हलू लागली. एकदा त्यांनी रिकामा पेला उचलला आणि अक्का टाळ्या वाजवत कॉरिडॉरमध्ये नाचली. मी तिला म्हणाले, "खंड पाडू नका. पावसाळाभर येत राहा."

ती म्हणाली, "येसूत ना ताई. आते तर आमना रस्ता मंजूर व्हयना. पानी पडाना आधी डांबर पडी."

रस्ता मंजूर झाला होता खरा, पण पाऊस आला आणि डांबर पडलंच नाही.

झालं होतं असं. रस्ता जरा रुंद करायचा तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांधालगतची पट्टी सोडायला हवी होती. काहींची कुरकुर होती. त्यासाठी ग्रामसभा बोलावली, आणि त्या सभेला कोणी न बोलावता नाना सायकलवरून गेले. आपल्या खाडीकाठच्या वाटेवर डांबर पडणार हे त्यांना कळलं होतं. नाना तिथे उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की ही काळी माती आहे, पाण्याने फुगते, उन्हाने फाटते, हिच्यावर डांबर एक पावसाळा टिकत नाही. मग जे खड्डे पडतील त्यांच्यापेक्षा आजचा मुरूम शंभर पटींनी बरा. मोठे साहेब, आयुष्यभर रस्ते केलेले! कुरकुर करणाऱ्यांना आयतं कारण मिळालं. सभेने ठराव केला की फेरविचार व्हावा, आणि काम थांबलं.

त्या दिवशी घरी येऊन नानांनी काकूंना शिरा करायला लावला. माझ्यासाठीही वाटी वर आली. कशाबद्दल आहे हे माहीत नव्हतं, म्हणून मी तो खाल्ला.

श्रावणापर्यंत आबांचं येणं बंद पडलं. कच्च्या रस्त्यावर मोटारसायकल रुतायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लकव्याच्या माणसाला बसवणं शक्य नव्हतं. एका रविवारी मी स्वतः स्कूटर घेऊन निघाले. निम्म्या वाटेत ती चिखलात सोडून चप्पल हातात घेऊन गावात पोचले. आबा पडवीत खाटेवर होते. हात छातीशी वळलेला, मूठ घट्ट. अक्काला मी व्यायाम दाखवले होते आणि ती करून घेतही होती, पण दुखलं की आबा ओरडत आणि तिचा धीर सुटे. मी मूठ उघडायला गेले तर बोटांनी दाद दिली नाही. ग्रामसभेत काय झालं ते अक्काने मला तेव्हा सांगितलं. "तुमनाच घरना नाना, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो तिच्या वाट्याचाही आला.

संध्याकाळी मी चिखलाच्या पायांनी थेट बैठकीत शिरले. नाना चेन पुसत होते.

"संगमावरून आलीस?" चिखलाचा रंग पाहून ते खूश झाले. "मी म्हणत नव्हतो? एकदा पायांना सवय लागली की—"

"काळ्या मातीवर डांबर टिकत नाही, असं तुम्ही सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं."

"कुठेच टिकत नाही? आपल्या भागात सगळी काळीच माती आहे. तुम्ही केलेले रस्ते टिकलेच ना?"

नानांचा फडक्याचा हात थांबला. "माझे टिकले," ते म्हणाले. रस्त्याचा अपमान सहन करतील, पण स्वतःच्या रस्त्याचा नाही. "ते करायची पद्धत असते."

"म्हणजे ते कसं टिकवायचं हे तुम्हाला माहीत आहे."

"अर्थात."

"मग ते का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. नाही. नाना पूर्ण गंभीर होते. त्यांच्या लेखी त्यांनी खोटं बोललेलं नव्हतं आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा त्यांचा धर्म नव्हता. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "यांना विचारावंच लागतं, बाई. भाजीत मीठ नसलं तरी सांगत नाहीत. विचारलं की मग तासभर बोलतात."

मी नानांना आबांच्या हाताबद्दल सांगितलं. मूठ कशी होती ते माझ्या मुठीने दाखवलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वाईट झालं," आणि पुन्हा चेन पुसू लागले. त्या रात्री मी दुसरी खोली शोधायचं ठरवलं, पण काकूंकडे बघून राहिले.

काकूंच्या त्या वाक्याने मात्र मला वाट दाखवली. दुसऱ्याच दिवशी अक्काला फोन करून सांगितलं, "पुढच्या ग्रामसभेला नाना येतील. येणारच. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना फक्त विचारा."

दिवाळीआधी सभा झाली. मी मुद्दाम रजा काढून गेले. मारुतीच्या पारासमोर माणसं बसली होती, बायका एका बाजूला. नाना हेल्मेट मांडीवर घेऊन पुढेच होते, आणि काळ्या मातीचा पहिला पाढा पुन्हा म्हणून झाला होता. कुरकुर करणारे माना डोलावत होते. तेव्हा अक्का उभी राहिली. पदर खोचलेला.

"नाना, तुम्ही बठ्ठास्मा मोठा इंजिनियर. मना एकच सवाल शे. हाई काई मातीवर डांबर टिकाडनं व्हई, तर काय करनं पडी?"

काळ्या मातीवर डांबर टिकवायचं तर काय करावं लागेल, एवढंच तिने विचारलं. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होते. असं वाटलं की आता हा माणूस उठेल, सायकलवर टांग टाकेल आणि निघून जाईल. त्यांच्या मनात ते आलंही असावं. हात हेल्मेटकडे गेला होता. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि तोही चारचौघांत, मोठा इंजिनियर म्हणून.

नाना उठले. पाराशेजारची एक काटकी उचलली आणि धुळीत रेघ ओढली.

ते बोलले, बोलले, बोलतच राहिले. आधी वरची काळी माती किती खोल काढायची. मग मुरमाचा भराव कसा थराथराने घालायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर कसा फिरवायचा. रस्ता आजूबाजूच्या शेतापेक्षा किती उंच हवा. पाणी अडतं ती ठिकाणं त्यांना पाठ होती, कारण तिथून ते दर रविवारी जात. तिथे तिथे त्यांनी रस्त्याखालून जाणाऱ्या आडव्या मोऱ्या काढून दाखवल्या. "पाणी बाहेर काढलंत तर डांबर तुमच्या नातवांपर्यंत टिकेल," ते ओरडून म्हणाले. कपाळावर घाम होता, डोळे चमकत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग पट्टी सोडनी पडी का?" तर नाना त्याच्यावरच खेकसले, "सोडावी लागेल! मोरी काय हवेत बांधायची?"

म्हाताऱ्याने पट्टी सोडायला होकार दिला. बाकीच्यांना मग तोंड राहिलं नाही. ठराव झाला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांमध्ये नाना एकदम भानावर आले. धुळीतल्या आपल्या आकृतीकडे त्यांनी पाहिलं. पायाने पुसतील असं वाटलं, पण कोणी तरी चहा आणला.

पुढचे महिने नानांनी त्या गावाला आणि ठेकेदाराला हैराण केलं. रोज सायकलवरून जात, थर मोजत, ओल्या मुरमात काटकी खुपसून बघत. एक मोरी त्यांनी पुन्हा बांधायला लावली. ज्या रस्त्याचा जीव घ्यायला उठले होते त्याची आता बाळंतिणीसारखी काळजी! लोक म्हणाले, नाना सुधारले. मला असं कधीच वाटलं नाही. त्यांना गावाचं काही पडलेलं नव्हतं; त्यांच्या नावाचा रस्ता फुटला असता तर नाक गेलं असतं, एवढंच. डांबर पडलं त्या दिवशी ते गेले नाहीत. फोनवरच्या नकाशातून त्यांनी 'खाडीकाठ' काढून टाकला आणि बाहेरच्या सायकलवाल्यांना कळवलं की ती जागा आता बघण्यासारखी राहिली नाही.

आबा परत येऊ लागले. आता रिक्षातून, सरळ बसून, न सुजता. खांदा थोडा मोकळा झाला, चालणं सुधारलं. मूठ उघडली नाही. मी सगळे उपाय केले. माझ्या धंद्यात कधी थांबायचं ते कळावं लागतं, आणि मला ते कळून चुकलं होतं; फक्त मी बोलत नव्हते.

त्या उन्हाळ्यात सायकलवरून उतरताना नानांची कंबर धरली आणि काकूंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. बाकावर आबा बसलेले होते, शेजारी अक्का. नाना त्यांना ओळखत नव्हते. अक्काने ओळख करून दिली, "आबा, हाई नाना. आपला रस्ता यास्नीच करा."

नाना खुलले. कंबर धरून आबांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तसं, म्हणाले, "काय आबा, रस्ता चांगला झाला ना?"

झटक्यानंतर आबांना शब्द जुळवायला वेळ लागे. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग डाव्या हाताने उजवी मूठ उचलून मांडीवर नीट ठेवली.

"रस्ता चांगला शे," ते म्हणाले. "हात गया."

अक्काने मान वळवली. मी कपाटातून काही तरी काढायचं नाटक केलं, पण ऐकत होते. मला नानांच्या तोंडून एक शब्द हवा होता. कुठलाही चालला असता.

नानांनी त्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पावसात बघा तुम्ही. एक खड्डा पडणार नाही."

पाऊस सरल्यावर, नोकरी बदलून धुळ्याला परतण्याआधी, मी त्या रस्त्यावरून स्कूटरने शेवटपर्यंत गेले. नजर खाली ठेवून, हळूहळू, एक तरी सापडावा म्हणून. एकही खड्डा नव्हता.